दिवा कोणत्या हातात धरायचा?

(एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मला विषय दिला होता 'फॅन्टसी गेम्समधला अंधार'. मी तीन आठवडे टिपणं काढली आणि मग वही चाळली, तर अंधाराबद्दल जेमतेम दोन पानं. बाकी सगळं दिव्यांबद्दल. मशाली, कंदील, मेणबत्त्या, बॅटऱ्या. एक किडासुद्धा आहे, त्याच्याकडे नंतर येतो. तेव्हा आज दिव्यांबद्दलच बोलतो. अंधार काय, आपोआप येईल.

तुमच्यातल्या किती जणांनी स्कायरिम हा फॅन्टसी गेम खेळलाय? बरेच आहात. मग हे सगळ्यांनी पाहिलंय. डोंगरात एक जुनं थडगं आहे, शेकडो वर्षांत तिकडे कोणी फिरकलेलं नाही. तुम्ही दार ढकलता, आणि आत दिवे छान जळतायत. तेल कोण घालतं त्यात? मेलेल्यांची पाळी लावलीय का?

यात हसण्यासारखं आहेच, पण हे पुरतं पटतं ते खरी मशाल पाहिली असेल तर. घरी जागरण-गोंधळ होत असेल किंवा जेजुरीला गेला असाल, तर दिवटी पाहिली असेल. दिवटीसोबत बुधली असतेच, जोडीनेच नाव घेतो आपण, दिवटी-बुधली. का? कारण दिवटीला थोड्या थोड्या वेळाने तेल पाजावं लागतं. म्हणजे एका हातात दिवटी, दुसऱ्या हातात बुधली. दोन्ही हात अडकले. आता तलवार कशात धरणार?

एवढंच मला आज सांगायचंय. गेममधला उजेड खरा वाटतो तो काहीतरी अडवून ठेवतो तेव्हा. हात अडवतो, पिशवीतली जागा अडवतो, नाहीतर पदरचा खजिना खर्चायला लावतो. उजेड फुकट झाला की अंधार म्हणजे भिंतीला दिलेला काळा रंग.

आता थोडं मागे जाऊ. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला. तो टेबलाभोवती बसून कागद-पेन्सिलीवर खेळायचा खेळ. आजच्या बहुतेक फॅन्टसी गेम्सची नाळ तिथे पुरलेली आहे. त्याच्या १९८१ च्या बेसिक नियमांत भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजतात. मशाल सहा पाळ्या जळते, म्हणजे तासभर. कंदिलाला एक बाटली तेल चोवीस पाळ्या पुरतं, म्हणजे चार तास. आणि दर दोन पाळ्यांनी खेळ चालवणारा फासा टाकून बघतो, की फिरता राक्षस येतो का. यातली मेख बघा. तुम्ही भिंती ठोकत, चोरदरवाजे शोधत रेंगाळलात, की मशालही जळते आणि राक्षसही जवळ येतो. दोन्ही एकाच घड्याळावर.

कंटाळवाणं होतं का? हो, होतं. मी स्वतः हा हिशेब ठेवलाय. वहीच्या कडेला सहा चौकोन काढायचे आणि एकेक खोडायचा. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं दिसतं ते. बहुतेक गटांनी हा हिशेब हळूहळू सोडून दिला, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. पुढे तर नियमांनीच तो सोडायला लावला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मुख्य पुस्तकात खेळाडूच्या पात्रासाठी नऊ वंश आहेत. त्यांतल्या सहांना अंधारात दिसतं. माणूस, बुटके हाफलिंग आणि ड्रॅगनच्या वंशाचे ड्रॅगनबॉर्न हे तिघेच अंधारात आंधळे. आणि उजेडाचा जो मंत्र आहे तो पाहिजे तितक्या वेळा म्हणा, एक पैसा लागत नाही. मग पाठीवर दहा मशाली कोण वाहील?

संगणकावर मात्र सुरुवात फार वेगळ्या माणसाने केली. विल क्राउदर हा प्रोग्रामर होता, पण सुट्टीच्या दिवशी गुहांत उतरणारा. अमेरिकेत केंटकीमध्ये मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहा आहे. क्राउदर तिचे नकाशे करण्याच्या कामात होता. १९७२ साली ज्या तुकडीने फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत हे शोधलं, त्या तुकडीत त्याची पत्नी पॅट होती. पुढे दोघं वेगळे झाले, आणि आपल्या मुलींना खेळायला म्हणून क्राउदरने सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्या गुहेवर बेतलेला एक गेम लिहिला. कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर. चित्र नाही, नुसता मजकूर.

त्या काळचे गुहावाले डोक्यावर कार्बाइडचा दिवा लावत. आंबे पिकवायला लोक चोरून वापरतात तेच हे कार्बाइड. त्यावर पाण्याचा थेंब पडला की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो आणि तो पेटवायचा. दिवा डोक्यावर का? कारण गुहेत दोन्ही हात दगडावर लागतात. आणि गुहावाल्यांचा एक जुना दंडक आहे: आत जाताना एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन दिवे न्यायचे. एक विझला, दुसरा पडला, तरी तिसरा. हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्याच्या गेममध्ये दिव्याशिवाय पान हलत नाही यात नवल नाही. दिवा न लावता पुढे गेलात, तर खड्ड्यात पडून मरता.

१९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी हा गेम वाढवला, आणि त्यात मला अतिशय आवडणारी एक जागा आहे. दिव्याची बॅटरी संपत येते. एका चक्रव्यूहात, पार टोकाच्या बोळात, नव्या बॅटऱ्या देणारं एक यंत्र आहे. पण त्यात नाणी टाकावी लागतात. आणि ती नाणी म्हणजे गुहेतल्या खजिन्याचाच एक भाग, बाहेर नेली तर गुण मिळतात. तेव्हा उजेड विकत घ्या आणि गुण सोडा, नाहीतर गुण धरा आणि चाचपडा. पन्नास वर्षं होत आली, याहून नेमका दिव्याचा सौदा मी फार कमी ठिकाणी पाहिलाय.

त्याच साली एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात चार जणांनी झॉर्क लिहायला घेतला. तिथेही आधी अंधारात गेलं की माणूस खड्ड्यात पडायचा. पण गंमत अशी झाली, की घराच्या माळ्यावर अंधार होता आणि तिथेही लोक खड्ड्यात पडू लागले. माळ्यावर खड्डा कुठून आला? तेव्हा खड्डे काढले आणि त्या जागी ग्रू आणला. ग्रू म्हणजे अंधारात राहणारा एक प्राणी. गेम तुम्हाला एवढंच सांगतो, की मिट्ट काळोख आहे आणि ग्रू तुम्हाला खाण्याची शक्यता आहे. तो दिसतो कसा हे कळायची सोय नाही, कारण उजेड केला की तो नसतो.

झॉर्कमध्ये पितळी कंदील आहे, मेणबत्त्या आहेत, मशालही आहे. आणि कोळशाच्या खाणीत वायू साठलेली एक खोली आहे. तिथे उघडी ज्योत घेऊन गेलात की स्फोट. म्हणजे दिवा आहे की नाही एवढंच विचारून हा गेम थांबत नाही, कोणता दिवा आहे हेही विचारतो. खाणीत काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही.

आणि झॉर्कला ब्राइटनेसचं बटण नव्हतं. हे हसण्यावारी नेऊ नका. मजकुराच्या गेममध्ये अंधार म्हणजे वर्णनच न देणं. जे वाक्य पडद्यावर आलंच नाही, ते तुम्ही उजळवणार कसं? चित्रांचे गेम आले आणि ही सोय गेली. आज कुठलाही गेम चालू करा, तो म्हणतो, ही खूण जेमतेम दिसेल इतपत पट्टी सरकवा. आपण काय करतो? उजवीकडे टोकापर्यंत! मीही करतो. दुपारी तीन वाजता, खिडकीतून ऊन पडद्यावर आलेलं असताना, करणार काय? बनवणाऱ्यांनाही हे माहीत असतं, म्हणून ते गुहांत कुठूनसा निळसर उजेड सोडून ठेवतात. स्कायरिममध्ये मशाल डाव्या हातात धरावी लागते, अगदी माझ्या मनासारखं. पण तिची गरजच क्वचित पडते. मग लोक स्वतःच गुहा काळ्या करणारे मॉड, म्हणजे गेममध्ये खेळाडूंनी केलेले फेरफार, बनवून टाकतात.

खरं तर पडद्यावरचा उजेड मुळातच लबाड असतो. खऱ्या जगात अंतर दुप्पट केलं की प्रकाश एक चतुर्थांश होतो, पण शून्य कधीच होत नाही. गेममध्ये तो एका ठरावीक अंतरावर कापून टाकतात, कारण पुढचं गणित संगणकाला झेपवायचं नसतं. आणि डोळ्यांचं काय? अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि डोळ्यांसमोर ज्योत धरली की ती सगळी कमाई क्षणात जाते. म्हणून मशालीच्या वर्तुळाबाहेरचा काळोख आणखी दाट होतो. रात्री शेतावर बॅटरी घेऊन गेलेला माणूस ती बंद करून चांदण्यात चालतो तो यासाठी. हे मला एकाही गेममध्ये मनासारखं सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणी पुढेमागे गेम बनवणार असेल, तर ही जागा रिकामी आहे, घ्या.

सुरुवातीच्या काही चित्रगेम्सनी मात्र प्रामाणिकपणे प्रयत्न केला. १९८७ चा डन्जन मास्टर घ्या. मशाल जळत जाते तसा पडदा टप्प्याटप्प्याने काळवंडतो, आणि भिंतीवरची मशाल उपटून हातात घेता येते. त्यात उजेडाच्या मंत्राचं अक्षर आहे 'फुल'. माझ्या एका मित्राला बरेच दिवस वाटायचं की आपण राक्षसांपुढे फूल धरतोय. १९९२ च्या अल्टिमा अंडरवर्ल्डमध्ये मेणबत्ती, मशाल, कंदील सगळे संपतात, आणि वाचवायचे असतील तर मालवून ठेवता येतात. उजेडात वाचन उरकायचं आणि दिवा मालवायचा, आजीचं घर होतं ते. आमच्याकडे त्या काळात लोडशेडिंग होतं, त्यामुळे गेममधल्या कंदिलात तेल शिल्लक असताना घरातले दिवे जायचे, हा भाग वेगळा.

उलट उदाहरण विझर्ड्रीचं. १९८१ चा गेम. त्यात लोमिल्वा नावाचा मंत्र एकदा म्हटला, की ती अख्खी मोहीम संपेपर्यंत उजेड. मग बनवणाऱ्यांनी काय केलं? भुयारात असे पट्टे ठेवले, जिथे शिरताच मंत्र विझतो. म्हणजे आधी उजेड फुकट वाटला आणि मग दांडगाईने काढून घेतला. मला हा रडीचा डाव वाटतो.

आता डार्क सोल्स, २०११. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. त्यात राक्षसी हाडामांसाच्या, म्हणजे मांस नसलेल्या, महाकाय सांगाड्यांचं एक दफनस्थान आहे. तिथे खरोखर काही दिसत नाही. पट्टी उजवीकडे नेऊनही फारसं दिसत नाही. उजेडासाठी कवटीचा कंदील आहे, पण तो डाव्या हातात धरायचा. म्हणजे ढाल गेली. इतका वेळ ज्या ढालीमागे लपून तुम्ही इथवर आलात, ती खाली ठेवायची. बरं, तलवार दोन्ही हातांनी पेलावी म्हटलं, तर कंदील हातातून जातो आणि पुन्हा काळोख. आणि त्या काळोखातून बाण येतात, वीतभर नाही, भाल्याएवढे. बघू की वाचू, हे दर पावलाला ठरवावं लागतं. तेलाचा हिशेब नाही, घड्याळ नाही, वहीत चौकोन नाहीत. नुसता एक हात.

आता तो किडा. पुढे एका जागी चमकणारी एक अळी मिळते. ती डोक्यावर चढवायची. ती उजेड देते आणि दोन्ही हात मोकळे. क्राउदरच्या गुहावाल्यांचा डोक्यावरचा दिवाच हा, फक्त वळवळणारा. ती घालून मी त्या दफनस्थानात परत गेलो, आणि मला रागच आला. दहा पावलांची जागा होती ती. इथे मी दोन रात्री काढल्या होत्या?

डार्क सोल्सच्या पुढच्या भागात, २०१४ साली, मशालीचं घड्याळ आणलं, एक मशाल पाच मिनिटं. पण प्रसिद्धीपूर्वी दाखवलेला अंधार गेम हातात आला तेव्हा पुष्कळच फिका झाला होता. लोक चिडले, ते बरोबरच होतं. आजूबाजूचं दिसत असताना मशालीचा टेंभा कोण मिरवील?

ड्रॅगन्स डॉग्मामध्ये, २०१२, कंदील कमरेला बांधलेला आहे. हात मोकळे, म्हणजे माझ्या हिशेबाने तो पडायला हवा होता. पण त्यांनी पाणी आणलं. नदीत उतरलात की कंदील विझतो. मी एकदा रात्री लांडग्यांपासून पळताना ओढ्यात उडी मारली, आणि लांडग्यांपासून सुटलो एवढंच खरं.

डार्केस्ट डन्जन, २०१६, यात मशाल म्हणजे शून्य ते शंभरची एक पट्टी. उजेड कमी केलात, तर माणसं खचतात, शत्रूचे घाव खोल जातात, पण लूटही जास्त मिळते. शिवाय नेलेल्या मशाली आणि मिळालेलं सोनं एकाच पिशवीत बसवायचं असतं. लोक मुद्दाम अंधारात चालतात तिथे, थोड्या लोभापायी. कोलोसल केव्हची नाणीच ही, नव्या साच्यात.

शेवटी नेटहॅक, कारण प्रश्नांच्या चिठ्ठ्यांत दोघांनी तो विचारलाय. १९८७ पासूनचा गेम, आजही लोक खेळतात. त्यात वरच्या मजल्यांजवळ एक वस्ती लागते, तिथे दिव्यांचं दुकान असतं. दुकानदाराचं नाव कायम इझ्चाक. नेटहॅक बनवणाऱ्यांपैकी एक, इझ्चाक मिलर, १९९४ मध्ये वारले, हे दुकान त्यांच्या आठवणीत आहे. नवखा माणूस त्यांच्याकडून मेणबत्त्या घेतो, पुढच्या अंधाऱ्या खोल्यांत लावतो आणि संपवतो. मग कित्येक दिवसांनी, अगदी तळाशी पोहोचल्यावर त्याला कळतं, की शेवटचं दार उघडायला सात फाट्यांचं एक दीपदान पेटवावं लागतं. त्याला सात मेणबत्त्या लागतात. सहा चालत नाहीत. चिठ्ठीत विचारलंय की अशा वेळी काय करायचं. चाळीस-पन्नास मजले चढून इझ्चाककडे परत जायचं. आणि त्याच्याकडेही शिल्लक असतील तर.