पतीच्या खुनाचा संशय आणि आपली रहस्यकथा

नाशिककर रसिकहो,

पतीचा संशयास्पद मृत्यू झाला आहे आणि सर्वांच्या नजरा पत्नीकडे वळल्या आहेत, अशी सुरुवात असलेली रहस्यकथा वाचक सहसा अर्धवट सोडत नाही. या शहराच्या जिल्हा न्यायालयात मी अनेक वर्षे फौजदारी वकिली केली आणि त्याहून अधिक वर्षे रहस्यकथा वाचल्या. त्या अनुभवातून माझे असे मत झाले आहे की, या कथांमध्ये खुनाचा तपास फार थोडा असतो. पुष्कळदा तपासली जाते ती पत्नीची वागणूक. ती किती रडली, कोणाशी बोलली, तेराव्यानंतर कोणत्या रंगाची साडी नेसली, यावरून वाचक निकाल देऊन मोकळा होतो, आणि लेखकही त्याला तसे करू देतो.

ही सवय आपल्याला रहस्यकथेने लावलेली नाही. तरुण माणूस गेला की ‘तिने नवऱ्याला खाल्लं’ असे म्हणणारी भाषा आपल्याच घरांत बोलली गेली. ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्दही आपलाच. वटपौर्णिमेला सावित्रीची कथा सांगताना पतीचे आयुष्य पत्नीच्या पुण्याईवर अवलंबून असल्याचे आपण मुलींच्या मनावर बिंबवतो, मग तो अकाली गेला तर दोष कोणाचा हे वेगळे सांगावे लागत नाही. रामकुंडावर दहाव्याच्या दिवशी पिंड ठेवला जातो आणि कावळा शिवायला वेळ लागला की जमलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. काही इच्छा राहून गेली असेल, असे कोणी पुटपुटते, कोणी दर्भाचा कावळा करण्याची आठवण करून देते, आणि एखाद्याच्या मनात घरी मागे राहिलेल्या पत्नीविषयी नको तो विचार येऊन जातो. मराठी रहस्यकथेला याहून चांगला प्रारंभ मला सुचत नाही. तेथे आरोप आहे, पण फिर्यादी कोणीच नाही.

इंग्रजांच्या कायद्यात तर हा भेद उघडपणे लिहून ठेवलेला होता. पतीने पत्नीला मारले तर तो खून. पत्नीने पतीला मारले तर तो लघु राजद्रोह, कारण पती हा घरातला राजा. 1351 च्या कायद्याने ठरवलेला हा गुन्हा 1828 पर्यंत टिकला आणि 1790 पर्यंत त्याची शिक्षा जिवंत जाळण्याची होती.

पण मला आज जिच्याविषयी सविस्तर बोलायचे आहे ती फ्लोरेन्स मेब्रिक. लिव्हरपूलमधील कापसाचे व्यापारी जेम्स मेब्रिक मे 1889 मध्ये आजारपणानंतर वारले. वयाने बरीच लहान असलेली त्यांची ही अमेरिकन पत्नी माश्या मारण्याचे कागद पाण्यात भिजवताना नोकरांनी पाहिली होती, आणि त्या कागदांत आर्सेनिक असे. चेहऱ्याला लावण्यासाठी ते पाणी हवे होते, असे तिचे म्हणणे होते, आणि त्या काळी आर्सेनिकचा सौंदर्यप्रसाधन म्हणून उपयोग होतही असे. दुसरीकडे, जेम्स मेब्रिक स्वतःच शक्तिवर्धक म्हणून आर्सेनिक घेत असत, हेही खटल्यात पुढे आले. त्यांचा मृत्यू आर्सेनिकनेच झाला की पोटाच्या विकाराने, यावर डॉक्टरांचे एकमत झाले नाही. मात्र तिने दुसऱ्या एका पुरुषाला लिहिलेले पत्र मुलांच्या दाईने फोडले होते आणि त्या पत्राने खटल्याचा रंग बदलला. न्यायाधीशांनी ज्युरीला समजावून सांगताना त्या संबंधावर विस्ताराने भर दिला. आरोपीला शपथेवर साक्ष देण्याचा हक्क इंग्लंडात 1898 मध्ये मिळाला. म्हणजे स्वतःच्या बचावासाठी तिला शपथेवर एक शब्दही बोलता आला नाही. ज्युरीने तिला दोषी ठरवले. फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलताना गृहमंत्र्यांनी जे कारण दिले, ते प्रत्येक लेखकाने वाचावे असे आहे. तिने विष देण्याचा प्रयत्न केला असे पुराव्यावरून दिसते, पण मृत्यू त्याच विषाने झाला याविषयी वाजवी शंका आहे, असे ते कारण होते. म्हणजे जो आरोप तिच्यावर ठेवलाच नव्हता, त्यासाठी ती 1904 पर्यंत तुरुंगात राहिली.

त्या न्यायाधीशांचे नाव सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. आपला 1872 चा भारतीय पुरावा कायदा त्यांनीच तयार केला होता. कोणती गोष्ट पुरावा म्हणून ग्राह्य आणि कोणती नाही, याची इतकी रेखीव मांडणी करणारा माणूसही पत्नीच्या चारित्र्यापाशी आला की त्या रेषा विसरू शकतो, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

आता हीच कथा निफाडच्या एखाद्या द्राक्षबागेत आणून पाहू. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातील एका खटल्यात, ज्यात आरोपी पती होता आणि मृत्यू पत्नीचा झाला होता, विषप्रयोगाच्या आरोपासाठी चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात असे सांगितले: आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू विषानेच झाला, ते विष आरोपीजवळ होते आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली होती. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारणी सुरू झाली की शेडमध्ये डबे रांगेने उभे असतात, आणि आपला शेतकरी त्या विषाला ‘औषध’ म्हणतो. विष जवळ असणे हा मुद्दा मग एकट्या पत्नीविरुद्ध कसा धरणार? ते घरातल्या प्रत्येकाजवळ होते. संधी तर पत्नीला दिवसातून चार वेळा असते, कारण चहा तीच करते. काही कीटकनाशके शरीरातल्या कोलिनएस्टरेज या विकराचे (एन्झाइमचे) कार्य मंदावतात, म्हणून रक्तात ते घटलेले दिसले की विषाचा संशय येतो. पण वर्षानुवर्षे फवारणी करणाऱ्या माणसाच्या रक्तात त्याचे प्रमाण मुळातच घटलेले असू शकते. मेब्रिक यांच्या शक्तिवर्धकासारखाच हा पेच आहे. शिवाय अशा औषधाला येणारा उग्र दर्प चहात लपत नाही, ही साधी गोष्ट किती लेखक विसरतात! राखून ठेवलेला व्हिसेरा, म्हणजे मृतदेहातील अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत जातो, सीए रिपोर्टची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट पाहावी लागते, आणि त्या मधल्या काळात गावाचा निकाल लागून गेलेला असतो. खरी कादंबरी त्या मधल्या काळात आहे.

येथे कोणी जाणकार म्हणेल की, घराच्या चार भिंतींआड काय घडले याचा खुलासा घरातल्या माणसानेच करायला हवा. हा नियम जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये होता आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तो कलम 109 मध्ये आहे. परंतु सरकार पक्षाने आपली बाजू आधी उभी करावी, मगच हा भार आरोपीवर येतो. आपल्या देशात दरवर्षी सहा हजारांहून अधिक हुंडाबळी नोंदले जातात, तरी 2025 मध्ये विनोद फिरले ते मेरठच्या निळ्या ड्रमाचे, म्हणजे पतीचा खून करून मृतदेह ड्रमात लपवल्याचा आरोप पत्नीवर आला त्या प्रकरणाचे, याचे मला मनापासून दुःख झाले. त्या घटनेतील क्रौर्य मी नाकारत नाही, पण एका आरोपावरून घराघरांतल्या पत्नीला संशयित ठरवणे हा विनोदाचा विषय नव्हे.

पत्रांविषयी एवढेच सांगतो की, 1923 च्या जानेवारीत लंडनमध्ये एडिथ थॉम्पसनला फाशी झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध मुख्य पुरावा तिने प्रियकराला लिहिलेली पत्रे हाच होता. अन्नातून काहीतरी घातल्याचे तिने त्यांत लिहिले होते, आणि पतीच्या शरीरात विषाचा अंश सापडला नव्हता. त्याचा खून प्रियकराने सुऱ्याने केला होता. आजच्या मोबाईलमधील संदेश वाचताना, मनात आलेले लिहिणे आणि हाताने करणे यांतले अंतर लेखकाने जपावे.

शेवटी अमेरिकन लेखिका सुझन ग्लास्पेल यांची 1916 ची एकांकिका. आयोवातील एका शेतकऱ्याच्या खुनाचे वार्तांकन त्यांनी तरुणपणी केले होते, आणि त्यातून ती सुचली. पत्नी तुरुंगात आहे. शेरीफ आणि वकील पुरावा शोधायला माडीवर जातात, स्वयंपाकघरात काही नाही असे म्हणत. तेथे थांबलेल्या दोन बायकांना मात्र गोधडीची एकाएकी बिघडलेली शिवण दिसते आणि मान पिरगळलेला पक्षी सापडतो. त्या तो लपवतात. वकील म्हणून मला ते मान्य करता येत नाही. पण या एकांकिकेनंतर मी जुने पंचनामे पुन्हा काढून वाचले. ओट्यावरची भांडी मोजलेली होती, गॅसच्या शेगडीची कंपनी लिहिलेली होती. मात्र परातीत मळून ठेवलेली कणीक दोघांची होती की एकाची, हे एकाही पंचाने लिहिलेले नव्हते. शेजारच्या बाईने ते दारातूनच सांगितले असते. तिला पंच म्हणून कोणी बोलावले नव्हते.