‘मुंबईकरांनी पाठ फिरवली’ हे ऐकून कोण घराबाहेर पडेल?

मित्रहो, मतदानाच्या दिवशी दुपार झाली की बातम्यांचा सूर ठरलेला असतो. ‘कुलाब्यात निरुत्साह’, ‘शहरी मतदार उदासीन’. मतदान संपायला अजून काही तास असतात आणि घरात पंख्याखाली बसलेल्या, जावं की न जावं अशा विचारात असलेल्या माणसाला आपण सांगत असतो, ‘तुझ्यासारखे सगळे घरीच आहेत.’ त्याची उरलीसुरली टोचणीही आपणच काढून टाकतो.

यावर अमेरिकेत ॲलन गर्बर आणि टॉड रॉजर्स यांनी अभ्यास केला. 2005 साली न्यू जर्सीत आणि 2006 साली कॅलिफोर्नियात मतदारांना फोन केले. काहींना सांगितलं, यंदा भरपूर लोक मतदान करणार आहेत. काहींना सांगितलं, मतदान घसरत चाललंय. पहिलं ऐकलेल्यांचा मतदानाचा इरादा जास्त पक्का निघाला. नेहमी मत देणाऱ्यांवर फारसा परिणाम नव्हता. कधी जातात, कधी नाही, अशांवर तो होता. आपल्याला बाहेर काढायचे आहेत ते हेच लोक ना?

आता आपल्या टक्केवारीकडे बघू. टक्का काढतात तो यादीतल्या नावांवर. गिरगावातली चाळ पुनर्विकासाला जाते, बिऱ्हाडं विरारला, डोंबिवलीला पांगतात, नावं मात्र जुन्याच यादीत राहतात. वारलेल्या आजोबांचं नाव कमी करायला कोणी अर्ज करत नाही. ही सगळी नावं न दिलेलं मत म्हणून मोजली जातात. मुंबईकर आळशीच नाहीत, असं मी म्हणत नाही. पण यादीचा दोष माणसाच्या वृत्तीवर ढकलणं हा अन्याय आहे, आणि तो आपण दर निवडणुकीला करतो.

2024 च्या विधानसभेसाठी आयोगाने मुद्दाम 20 नोव्हेंबर, बुधवार निवडला. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी घेता येऊ नये, हा हेतू तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी उघड सांगितला होता. मोठ्या सोसायट्यांच्या आवारातही केंद्रं उघडली. कुलाब्यात साधारण 44 टक्के मतदान झालं. कमीच आहे, पण 2019 मध्ये ते 40 च्या आसपास होतं. ही वाढ ठळकपणे सांगायला हवी. गडचिरोलीतले लोक मैलोन्‌मैल चालून मत देतात, ही गोष्ट मुंबईकराला लाजवण्यासाठी नको, कौतुकासाठी सांगा.

केंद्राबाहेर थोड्या अंतरावर कार्यकर्त्यांचं टेबल असतं, ते आठवा. यादी पसरलेली, बोट फिरवत नाव शोधायचं, चिठ्ठीवर भाग क्रमांक, अनुक्रमांक लिहायचा. ‘आजी, खोली नंबर तीन, डावीकडे. ओळखपत्र घेतलंय ना?’ या एका वाक्याने जे होतं ते लोकशाहीवरच्या तासभराच्या भाषणाने होत नाही, आणि हे मी भाषण करणारा माणूस सांगतोय.

2008 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका प्रयोगात मतदारांना फोनवर साधे प्रश्न विचारले: किती वाजता जाणार, कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल? तेवढ्याने मतदान सुमारे चार टक्क्यांनी वाढलं. जिथे मतदार एकटाच होता, अशा घरांत तर त्याच्या दुप्पटीहून जास्त. घरात चार माणसं असली की ‘चला, चहा झाला की निघू’ असं कोणीतरी म्हणतंच. एकट्याला ते म्हणणारं कोणी नसतं.

म्हणून शेजारच्या एकट्या काकांना आदल्या दिवशी विचारा, ‘उद्या किती वाजता निघायचं?’ आणि ज्यांनी घर बदललंय त्यांना मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज, म्हणजे नमुना आठ, भरायला आजच सांगा. त्यासाठी निवडणूक जाहीर होण्याची वाट बघायची गरज नाही. घरातल्या मुलांचंही तसंच. यादीत नाव घालण्यासाठी अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता वर्षातून एकच तारीख नाही. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार धरतात. सतरा पूर्ण झालेल्यांचा नमुना सहा, म्हणजे नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज, आगाऊ भरून घेतात.