कुंडल रोडचा माळ

(दृश्य: फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डरचा हात, मुठीत काळी वाळू.)

मोल्डर वाळूची मूठ दाबतो आणि उघडतो. बोटांचे ठसे जसेच्या तसे राहिले, तर वाळू जमली. जास्त ओली असली की वितळलेलं बीड पडताच वाफ धरते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, भोकं पडतात. कोरडी असली तर साचाच ढासळतो. हे मोजायला यंत्रं आहेत, पण मुठीचा अंदाज अजून सुटलेला नाही.

(दृश्य: किर्लोस्करवाडी स्टेशन, फलाटावरची पाटी.)

या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. आज हे गाव सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात येतं; तेव्हा हा भाग औंध संस्थानाचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. तिथल्या म्युनिसिपालिटीने जागा सोडायला सांगितली, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की आता जायचं कुठे. कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर, एवढाच त्यांचा पसारा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. 32 एकर जमीन दिली, शिवाय 10,000 रुपये बिनव्याजी.

जमीन कसली, माळच तो. खडक, निवडुंग, आणि निवडुंगात नाग. 10 मार्च 1910 ला मंडळी इथे उतरली ती बायकापोरांसकट.

मग असला माळ घेतलाच का? माझ्या मते याचं उत्तर रुळांवर आहे. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, बाहेरून यायचं, कोळसाही बाहेरून. तयार नांगर पुन्हा लांबच्या गावांना जायचे. एवढं वजन बैलगाडीवर किती दिवस वाहणार? स्टेशन दाराशी होतं म्हणून माळ परवडला.

आज एमआयडीसीत प्लॉट घेतला की रस्ता, पाणी, वीज यांसाठी निदान तक्रार करायला कुणीतरी असतं. इथे ते कुणीतरी म्हणजे कारखानाच. घरं, पाणी, साफसफाई, सगळा गावगाडा लक्ष्मणरावांचे थोरले बंधू रामुअण्णा यांनी अंगावर घेतला. रात्रीच्या राखणीला तर शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. त्या काळात पाहुण्यांना हे सांगताना काय वाटत असेल!

(दृश्य: जुना लोखंडी नांगर, फाळ जवळून.)

नांगर बनवणं एकवेळ सोपं, खपवणं अवघड. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. बेळगावात असताना पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं गेली होती. माल खपू लागला, तर पहिलं महायुद्ध आलं आणि कच्चं लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा विकत घेतल्या आणि भट्टीत घातल्या. कोळशाचीही ओढाताण होती, लाकूड जाळून भागवावं लागलं.

1920 साली कारखान्याची लिमिटेड कंपनी झाली. त्याच दशकात इथे चाकाच्या फिरकीने पाणी चढवणारे सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले, आणि आज वाडीची ओळख नांगरापेक्षा पंपाचीच जास्त.

(दृश्य: संध्याकाळ. स्टेशनाबाहेरचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस.)

पलूसकडे जाताना आता ऊस लागतो, द्राक्षबागा लागतात. कृष्णेचं पाणी उपसून वर चढवलेलं आहे. गाडी थांबवली की बांधापलीकडे कुठेतरी मोटर चालू असते. तेवढा आवाज थोडा वेळ राहू द्या.