बांधावरची खाज : गाजर गवत आणि इसब

(दृश्य : श्रावणातली सकाळ. ओल्या बांधावर बारीक पांढरी फुले.)

पावसाने भिजलेल्या या बांधावर डुलणारी बारीक पांढरी फुले दुरून पाहणाऱ्याला कोथिंबिरीच्या फुलोऱ्यासारखी निरागस वाटतात. कोणी या झाडाला चटकचांदणी म्हणतो, कोणी पांढरफुली, कोणी फुलांच्या पांढऱ्या टोपीवरून काँग्रेस गवत. परंतु पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली असल्यामुळे सर्वत्र रुळलेले नाव गाजर गवत हेच आहे. खरे पाहता ते गवत नाही. शेवंती आणि सूर्यफूल ज्या कुळातील आहेत त्याच कुळातील ही वनस्पती आहे, आणि हे नाते काही रुग्णांना पुढे फार महागात पडते.

मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडची ही वनस्पती १९५५ साली पुण्यातील उकिरड्यांवर उगवलेली आढळली आणि तशी नोंद झाली. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ती आली, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मात्र त्याही आधीचे वाळवून जपलेले नमुने भारतात सापडलेले असल्यामुळे तिच्या आगमनाची कथा इतकी सरळ नाही. ती पसरली कशी, याबद्दल मात्र संशय नाही. चांगल्या जमिनीतल्या एकाच झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात, आणि त्या इतक्या हलक्या असतात की ओढ्याचे पाणी, गाडीची चाके आणि जनावरांचे खूर त्यांना गावोगाव पोहोचवतात. साठच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांकडे या गवतामुळे होणाऱ्या एका वेगळ्याच इसबाचे रुग्ण येऊ लागले, आणि १९७४ साली त्याविषयीचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

(दृश्य : शेतकऱ्याची मान, कोपराची खोबण, पापण्या. चेहरा ओळखू येणार नाही.)

हा रुग्ण बहुधा तिशी ओलांडलेला, उघड्या रानात काम करणारा पुरुष असतो. खाज पापण्यांपासून सुरू होते, मग मान, सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून दिसणारी छाती, कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या खोबणी. चेहऱ्यावरचा असा त्रास उन्हामुळे होतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ऊन जिथे पोहोचत नाही ती कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग आणि वरच्या पापणीची घडीसुद्धा लाल होऊन खाजत असेल, तर कारण हवेतून येत आहे, हे अनुभवी डॉक्टर केवळ पाहून ओळखतात. सावलीत ऊन शिरत नाही. धूळ मात्र शिरते.

त्या धुळीत गाजर गवताच्या पानांवरची बारीक लव, वाळलेल्या देठांचा चुरा आणि परागकण असतात, आणि त्यांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटते. शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला परकी वस्तू समजून लक्षात ठेवतात, आणि एकदा ही ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. म्हणूनच 'वीस वर्षे याच बांधावर काम केले, तेव्हा काही झाले नाही, आता कसे होईल?' हा प्रश्न मनापासून विचारला जात असला, तरी वीस वर्षांचा तो संपर्कच या ओळखीला कारणीभूत ठरलेला असू शकतो. त्यातच ही प्रतिक्रिया उशिरा येणारी आहे. सोमवारी खुरपणी केली तर खाज मंगळवारी रात्री किंवा बुधवारी भडकते, आणि मधल्या काळात जे खाल्ले त्याच्यावर आळ जातो.

घरात पहिले निदान होते ते उष्णतेचे. पाठोपाठ रक्त खराब झाल्याचे. मग वांगे बंद होते, आंबट बंद होते, रक्तशुद्धीच्या काढ्यांच्या बाटल्या रिकाम्या होतात आणि खाज तिथेच राहते. काळजीपोटी केलेल्या या उपायांना हसण्याचे कारण नाही. पण वांग्याचा या खाजेशी संबंध नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण अशा प्रयोगांत वर्षे जातात आणि तेवढ्या काळात त्वचा चामड्यासारखी जाड, काळपट होते.

ती जाड होते खाजवण्यामुळे. खाज ही त्वचेतल्या अतिशय बारीक मज्जातंतूंनी हळूहळू वाहून नेलेली संवेदना आहे. नख ओढले की वेदनेचा संदेश तिला क्षणभर दाबतो, म्हणून बरे वाटते. पण नखाने फाटलेल्या त्वचेतून दाह वाढवणारी द्रव्ये पाझरतात, ती तंतूंना पुन्हा चेतवतात, आणि खाज आधीपेक्षा मोठी होऊन परतते. या चक्रात सापडलेल्या माणसाला 'खाजवू नको' असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. रात्री झोपेत हात चालतो, त्यावर त्याचा ताबा नसतो. त्याला सल्ल्याऐवजी खाज कमी करणारे उपचार मिळायला हवेत.

प्रत्येक खाज गाजर गवताची नसते, हेही इथेच नोंदवावे लागेल. घरातल्या अनेकांना एकाच वेळी रात्री खाज सुटत असेल आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर ती खरूज असू शकते. जांघेत किंवा कमरेवर कडा उठलेले गोल चट्टे बहुधा नायट्याचे असतात. आणि अंगावर काहीही न दिसता सर्वांगाला खाज येत राहिली तर यकृत, मूत्रपिंड, थायरॉईड यांची तपासणी करावी लागते. शंका गाजर गवताची असेल तर पाठीवर चिकटपट्ट्या लावून करायची पॅच चाचणी उपयोगी पडते. पट्ट्या दोन दिवसांनी काढतात, आणि त्वचेची प्रतिक्रिया तेव्हा व पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात.

(दृश्य : न्हाणीघर. बादली, वेगळे टांगलेले रानातले कपडे.)

आराम देणारी पहिली गोष्ट साधी आहे, आणि ती पाळणारे फार थोडे असतात. रानातून आल्यावर जेवायला न बसता प्रथम कोमट पाण्याने, केसांसकट अंघोळ करावी. रानातले कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि धुतल्यावर फुललेल्या गाजर गवताजवळ वाळत घालू नयेत. अंग घासू नये. पंचाने टिपून, त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा, म्हणजे तिच्यातले पाणी टिकते. खाज उसळली की गार पाण्यात पिळलेला सुती पंचा दहा-पंधरा मिनिटे त्या जागेवर ठेवल्याने जी उसंत मिळते, ती नखांनी मिळत नाही. कडुनिंबाचा लेप, लसूण, जंतुनाशक द्रावण यांनी आधीच फाटलेली त्वचा अधिक चिडते, म्हणून ते टाळावेत.

औषधांच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलावे लागते. अँटिहिस्टामिनची, म्हणजे शरीरातल्या हिस्टामिन या खाज आणणाऱ्या द्रव्याला रोखणारी गोळी अंगावर पित्त उठल्यावर उत्तम काम करते. या इसबातली खाज मात्र बरीचशी हिस्टामिनशिवायच्या मार्गांनी येते, त्यामुळे गोळीने झोप लागली तरी मूळ दाह तसाच राहतो. दाह उतरवण्यासाठी योग्य ताकदीचे स्टेरॉईड मलम, डॉक्टरांनी ठरवलेल्या दिवसांपुरते, हा भक्कम उपाय आहे. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. पापण्यांवर आणि चेहऱ्यावर सौम्य औषधच हवे. मेडिकल दुकानातून स्वतःहून आणलेली, स्टेरॉईडमध्ये बुरशीनाशक आणि जंतुनाशक मिसळलेली स्वस्त मलमे महिनोन्‌महिने चोळल्याने त्वचा पातळ होते, चट्टे पडतात आणि नायटा असल्यास तो हट्टी होतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉईड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली, ती याच गैरवापरामुळे. आजार सर्वांगभर पसरला असेल तर अझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेटसारखी, संरक्षक पेशींना आवर घालणारी औषधे दिली जातात, आणि ती चालू असताना ठरलेल्या वेळी रक्ततपासणी चुकवून चालत नाही. संपूर्ण अंग लाल होऊन थंडी वाजू लागली, ताप आला किंवा चट्ट्यांतून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ज्यांना गाजर गवताची ॲलर्जी जडली आहे, त्यांच्यापैकी काहींना शेवंतीही सोसत नाही. सणाच्या दिवसांत फुलांच्या राशीत बसणाऱ्यांना हे सांगणे जड जाते, पण सांगावे लागते.

(दृश्य : पानावर रेषारेषांचे लहान भुंगेरे.)

१९८३ साली मेक्सिकोहून आणलेले आणि पुढच्या वर्षी बंगळूरजवळ सोडलेले हे भुंगेरे पावसाळ्यात गाजर गवताची पाने फस्त करतात. कोरड्या दिवसांत ते जमिनीत दडून राहतात, म्हणून त्यांच्यावर सर्व भार टाकता येत नाही. पडीक जागेत टाकळ्याचे बी फेकले तर टाकळा दाट वाढून गाजर गवताला जागा उरू देत नाही. उपटणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. मात्र ते काम ज्याची त्वचा आधीच बिघडली आहे त्याच्या हातून कधीही होऊ नये. त्याच्या बांधावरचे गवत घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, गावाने, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालून उपटले पाहिजे. वाळलेले झाडही निर्धोक नसते, म्हणून सुकण्याची वाट पाहू नये. पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपे काही आठवडे जमिनीला चिकटून चक्राकार पसरलेली असतात, आणि ओल्या मातीतून मुळासकट सहज निघतात. उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत त्यांना फुले येऊ लागतात. त्याआधी हा बांध मोकळा व्हायला हवा.