शहात्तरावा मणी

श्रोतेहो, नमस्कार. क्लोरोक्विनची कडू गोळी कुणाला ठाऊक नाही? गुळाच्या खड्यात दडवून दिली तरी जीभ तासभर कडूच राहायची. पण हिवताप हटायचा. पुढे फाल्सिपेरम जातीच्या हिवतापावर ती चालेनाशी झाली. आपल्या देशात हे पहिल्यांदा नोंदलं गेलं १९७३ मध्ये, आसाममधल्या कार्बी आंगलाँगला.

हिवतापाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. त्यातून उरणारं हीम त्यालाच विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीत काळपट तपकिरी ठिपका दिसतो, तो हाच. क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही, आणि परजीवी आपल्याच विषानं मरतो. मात्र त्याच्या पोटाच्या भिंतीत पीएफसीआरटी नावाचं प्रथिन आहे, ४२४ मण्यांची, म्हणजे अमिनो आम्लांची, माळच म्हणा. तिचा ७६वा मणी बदलला, सोबत आणखी काही बदलले, आणि तिथून औषध बाहेर जाऊ लागलं. नीट ऐका: औषध तेच होतं, परजीवी ते बाहेर टाकत होता.

आता मलावीची गोष्ट सांगते. आफ्रिकेतला छोटा, गरीब देश. १९९२ मध्ये तिथल्या फाल्सिपेरमच्या नमुन्यांत शंभरातल्या ८५ ठिकाणी हा मणी बदललेला होता. १९९३ मध्ये मलावीनं क्लोरोक्विन सोडलं. आफ्रिकेत असं करणारा तो पहिला देश. शेजारी देश तेव्हा तीच गोळी वाटत होते. त्याऐवजी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन आलं. वर्षं गेली. २००० मध्ये पाहिलं, तर ८५ चे १३ झाले होते! मग २००५ मध्ये ब्लांटायर शहरात आजारी मुलांना पुन्हा क्लोरोक्विन देऊन पाहिलं. ८० मुलांपैकी फक्त एकात ते हरलं. ८० पैकी एक! आणि तेव्हा चालू असलेलं दुसरं औषध ८७ पैकी ७१ मुलांत हरलं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा छपाईची चूक समजून पुन्हा वाचले होते.

झालं काय? औषध असताना जो मणी तारतो, तोच औषध नसताना ओझं होतो. बिघडलेले परजीवी सुधारले नाहीत. मूळ माळेचे थोडे उरले होते, तेच वाढले. पुन्हा सांगते, उरले होते ते वाढले.

मलावीनं तरी क्लोरोक्विन परत आणलं नाही. २००७ पासून तिथे आर्टेमिसिनिन गटातलं जोडऔषध, म्हणजे दोन औषधं एकत्र, देतात. त्यावरही केल्च-१३ या दुसऱ्या प्रथिनातले बदल मात करू पाहताहेत. आधी कंबोडियात, आता रवांडा-युगांडात.

आपल्याकडे व्हायव्हॅक्स या हिवतापाच्या दुसऱ्या जातीला अजून क्लोरोक्विनच मिळतं, सोबत चौदा दिवस प्रायमाक्विन; फाल्सिपेरमला जोडऔषध. एकाच घरात दोघांना हिवताप झाला, तरी गोळ्या वेगळ्या असू शकतात. कुणाला कोणता, ते बोटातल्या रक्ताच्या थेंबावरूनच कळतं. नमस्कार.