बकरी कुठंय? खान्देशातला ऑनलाइन इंग्रजीचा तास

वडील शेतातून आले की घरातला एकुलता स्मार्टफोन पोरीच्या हातात येतो, अन् मग तिचा इंग्रजीचा तास सुरू होतो. पोरगी चोपडा तालुक्यातली, दुसरीला. समोर स्क्रीनवर शिरपूरकडचा एक पोरगा आणि जळगावहून मॅडम. मॅडमनी दोघांना व्हॉट्सॲपवर एकेक चित्र पाठवलंय, केळीच्या ट्रकचं, बघायला अगदी सेम, पण हिच्या चित्रात ट्रकखाली बकरी बसलीय आणि त्याच्या चित्रात बकरीच नाहीये. चित्र दाखवायचं नाही, फक्त विचारायचं आणि फरक शोधायचे.

"व्हेअर इज गोट?"
"नो गोट!"

पोरगी गडबडते, चित्र परत बघते आणि एकदम अहिराणीत, "मन्हा चित्रमा बकरी शे ना!" मॅडम रागवत नाहीत, तेच इंग्रजीत म्हणतात, अंडर द ट्रक, आणि पुढच्या वेळी पोरगी स्वतःच अंडर म्हणते.

याला इन्फर्मेशन गॅप म्हणतात. माहिती एकाकडे आहे, दुसऱ्याकडे नाही, म्हणून बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. आपल्याच देशात इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतल्या शाळांत असं करून बघितलं, व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून पोरांना सोडवायला कामं दिली. आणि आपण ऑनलाइन काय करतो, तर तीस पोरं म्यूटवर अन् सर म्हणतात रिपीट आफ्टर मी! कोण म्हणालं, कोण नाही, कोणालाच कळत नाही, आणि पोराला ते म्हणायची गरज तरी काय?

वर्गात जे जमत नाही ते घरात जमतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "ब्रिंग समथिंग यलो" म्हटलं की पोरं उठून पळतात, कोणी केळं आणतं, कोणी हळदीचा डबा, कोणी आईची ओढणीच ओढत आणतं. ऐकायचं आणि अंगाने करायचं, बोलायची घाई नाही, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची टोटल फिजिकल रिस्पॉन्स पद्धत हीच.

टायपिंगचं काम मात्र लहान पोरांना देऊच नये, एक स्पेलिंग शोधण्यात सगळा वेळ जातो. काय करायचं ते लांबलचक सांगत बसण्यापेक्षा मॅडम आधी स्वतः एकदा खेळून दाखवतात. चित्रं तासाच्या आधीच पाठवलेली असतात, म्हणजे रेंज गेली तरी दोघं साध्या फोन कॉलवर उरलेले फरक शोधतात.