दिव्याभोवतीचं कडं

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, 'औषध म्हणून गांजा' हा विषय फळ्यावर लागल्यापासून माझी थट्टा चालू आहे. सकाळी फिरायला गेलो तर एक मित्र म्हणाला, "डॉक्टर, नमुना आणणार का दाखवायला?" आणलेला नाही. पहिल्या रांगेत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही बसलेत, त्यांनीही निश्चिंत असावं.

मी डोळ्यांचा डॉक्टर. गांजाशी माझा संबंध काय? तर तो काचबिंदूमुळे आला. आपल्या डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून ते वाहून जात असतं. मोरी तुंबल्यासारखी ती जाळी तुंबली की आत दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकत जाते. गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून पट्टी सोडली की सगळं लख्ख, असं इथे नाही. आणि दाब खूप वाढला की काही जणांना दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं तसं. पेशंट येऊन म्हणतो, "डॉक्टर, रस्त्यावरच्या दिव्याला इंद्रधनुष्य दिसतंय," की आमच्या पोटात गोळा येतो.

हे कडं लक्षात ठेवा. आजची गोष्ट तिथूनच सुरू होते.

अमेरिकेत वॉशिंग्टनला रॉबर्ट रँडॉल नावाचा एक तरुण होता. १९७२ साली, चोविसाव्या वर्षी, त्याला डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू फार पुढे गेलाय, तीन ते पाच वर्षांत नजर जाईल. त्या काळातले थेंब चालू होते, त्यांचा पुरेसा उपयोग होत नव्हता. एका संध्याकाळी मित्रानं दिलेला गांजा त्यानं ओढला, खिडकीतून बाहेर पाहिलं, तर रस्त्यावरच्या दिव्याचं कडं गेलेलं. दुसरा कोणी असता तर नशेत असं होतं म्हणून सोडून दिलं असतं. यानं पुन्हा पुन्हा पाहिलं. गांजा असला की कडं नाही, नसला की आहे. मग त्यानं घरीच थोडी झाडं लावली, आणि १९७५ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी ती जप्त करून खटला भरला.

अशा वेळी शहाणा माणूस दंड भरतो आणि गप्प बसतो. रँडॉल गप्प बसला नाही. चौकशी करता करता त्याला कळलं की ही गोष्ट सरकारच्या आधीच कानावर आहे! लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात रॉबर्ट हेपलर नावाच्या नेत्रतज्ज्ञानं १९७१ मध्येच छापलं होतं की गांजा ओढल्यावर डोळ्यातला दाब उतरतो. तेही कसं सापडलं पाहा. गांजा ओढणाऱ्याच्या बाहुल्या विस्फारतात अशी पोलिसांची समजूत होती, ती पडताळायला बसले, तर बाहुल्या विस्फारेनात आणि दाब मात्र खाली आलेला. चोर पकडायला गेले आणि औषध सापडलं.

रँडॉल हेपलरकडे जाऊन राहिला. दिवसरात्र दाब मोजून घेतला. नेहमीच्या औषधांवर दाब किती, त्यात गांजाची भर घातल्यावर किती, सगळं कागदावर. ते कागद घेऊन तो कोर्टात उभा राहिला.

कोर्टात त्यानं मांडलेला बचाव आपल्याला परका नाही. शांतिपर्वात आपद्धर्म आहे. दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या झोपडीत कुत्र्याचं मांस चोरायला शिरतो आणि वर त्याच्याशीच वाद घालतो, की आधी जीव राहिला पाहिजे, धर्म त्यानंतर. रँडॉलचं म्हणणं तेच होतं. कायदा मोडला हे कबूल, पण नाही मोडला तर मी आंधळा होतो. २४ नोव्हेंबर १९७६ ला न्यायाधीश जेम्स वॉशिंग्टन यांनी ते मान्य केलं. डोळे जाण्याची हानी मोठी आणि झाडं लावण्याचा गुन्हा लहान, असा त्या निकालाचा आशय.

त्याच सुमाराला सरकारनं त्याला गांजा द्यायचंही कबूल केलं. मिसिसिपी विद्यापीठाच्या आवारात सरकारी गांजाचं शेत आहे, १९६८ पासून. तिथला माल नॉर्थ कॅरोलिनात जायचा, त्याच्या सिगारेटी वळायच्या, आणि तीनशे सिगारेटींचा पत्र्याचा डबा रँडॉलला मिळायचा. एका खात्यानं पकडायचं आणि दुसऱ्यानं डबा द्यायचा. १९७८ मध्ये त्याचे डॉक्टर दुसरीकडे गेले आणि पुरवठा बंद झाला. रँडॉल पुन्हा कोर्टात. सरकारनं तडजोड केली, डबा पुन्हा सुरू.

आता मला जे सांगायचंय तिथे येतो. या लढ्याची गोष्ट साधारणपणे 'गांजा चांगला की वाईट' अशी सांगितली जाते. मला ती तशी दिसत नाही. मला दिसतं ते असं, की रोग्याला म्हणायचं पुरावा आण, आणि पुराव्याच्या खोलीची किल्ली आपल्याच खिशात ठेवायची.

अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यात गांजा पहिल्या वर्गात गेला, म्हणजे हेरॉइनच्या पंगतीला. या वर्गाची अट काय, तर मान्य वैद्यकीय उपयोग नाही. १९७२ मध्ये एका संघटनेनं अर्ज केला, हा वर्ग बदला. सुनावणी होऊन अंमली पदार्थ खात्याच्याच न्यायाधीशाचा, फ्रान्सिस यंग यांचा निवाडा आला १९८८ मध्ये. सोळा वर्षं! आपल्याकडचे जमिनीचे दावे आठवले ना? यंग म्हणाले, वर्ग बदला, माणसाला माहीत असलेल्या सगळ्यात निर्धोक औषधी द्रव्यांपैकी हे एक आहे. हा निवाडा म्हणजे शिफारस होती. पुढच्या वर्षी खात्याचे प्रमुख जॉन लॉन यांनी ती फेटाळली. का? पुरेसे शास्त्रशुद्ध प्रयोग नाहीत. प्रयोगाला कायदेशीर गांजा देणारं शेत तेव्हा अख्ख्या देशात एकच, सरकारी, आणि त्याची किल्ली व्यसनांवर संशोधन करणाऱ्या संस्थेकडे. गांजाचे तोटे शोधायचे असतील तर या, फायदे शोधायचे असतील तर कठीण आहे.

हे सगळं आणखी पन्नास वर्षं असंच कुथत राहिलं असतं. एड्स आला म्हणून पेच फुटला.

१९८० च्या दशकातला एड्स आजच्या तरुण डॉक्टरांना कळायचा नाही. अन्न समोर आलं की उलटी, औषध घेतलं की उलटी, माणूस वाळून काडी. गांजानं मळमळ थांबते, भूक लागते, हे रोग्यांनीच एकमेकांना सांगितलं. मग रँडॉलला मिळतो तसा डबा आम्हालाही द्या म्हणून अर्जांची रीघ लागली. सरकारनं काय करावं? १९९२ च्या मार्चमध्ये योजनाच बंद केली. आरोग्य खात्याच्या वरिष्ठांचं कारण असं, की सरकारच वाटतंय म्हटल्यावर लोकांना वाटेल, हे काही फार वाईट नसावं. ज्यांना आधीपासून मिळत होता त्या डझनभर लोकांना तेवढा चालू ठेवला.

सॅन फ्रान्सिस्कोत मेरी जेन रॅथबन नावाच्या एक आजी होत्या. आयुष्यभर वेट्रेसचं काम केलेल्या. एकुलती एक मुलगी मोटार अपघातात गेली. या बाई घरी गांजा घातलेले ब्राउनी भाजायच्या आणि सरकारी दवाखान्याच्या एड्स वॉर्डात स्वयंसेवक म्हणून जाऊन पोरांना द्यायच्या. 'माझी पोरं' म्हणायच्या त्यांना. ज्यांच्या घरचे दारात उभे करत नव्हते अशी ती पोरं. १९९२ च्या जुलैमध्ये पोलिसांनी त्यांना पुन्हा पकडलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तसं. त्या वेळी वय एकोणसत्तर. फोटोत चष्मा लावलेली, गोल चेहऱ्याची, कोणाचीही आजी शोभेल अशी बाई. सरकारनं गांजेकसाचं जे चित्र लोकांपुढे उभं केलं होतं, ते या एका आजीनं पुसून टाकलं. महिन्याभरात शहराच्या नगरमंडळानं २५ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या नावानं साजरा केला.

या लढ्यातला त्यांचा साथीदार म्हणजे डेनिस पेरॉन. व्हिएतनामहून परतलेला, गांजा विकण्याबद्दल अनेकदा आत गेलेला. तो काही साधुपुरुष नव्हता, आणि त्यानंही तसा आव आणला नाही. १९९० मध्ये त्याच्या घरी धाड पडली. सापडलेला गांजा माझा, असं त्याचा एड्सनं खंगलेला जोडीदार जोनाथन वेस्ट कोर्टात येऊन म्हणाला, आणि त्यानंतर लवकरच गेला. तिथून पेरॉननं हा विषय सोडला नाही. पुढे त्याचे रोग्यांसाठीचे क्लब निघाले, कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं दोनदा विधेयकं अडवली, आणि शेवटी ५ नोव्हेंबर १९९६ ला लोकांनी थेट मतदानानं रोग्यांना गांजाची मुभा देणारा प्रस्ताव २१५ मंजूर केला. साधारण ५६ टक्के मतं.

यातली एक गोम डॉक्टर म्हणून मला फार आवडते. त्या कायद्यात डॉक्टरनं गांजा 'लिहून द्यायचा' नाही, 'शिफारस' करायची. कारण पहिल्या वर्गातलं काही चिठ्ठीवर लिहिलं तर केंद्र सरकार परवाना काढून घेणार. तरी केंद्रानं धमकी दिलीच, शिफारस केलीत तरी बघून घेऊ. मार्कस कोनंट या एड्सच्या डॉक्टरनं दावा लावला, आणि २००२ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की डॉक्टरनं रोग्याशी काय बोलावं हे सरकार ठरवणार नाही. माझ्या मते या अख्ख्या लढ्यातला हा सगळ्यात मोलाचा निकाल. तो कितीसा सांगितला जातो? लोकांना २००५ चा माहीत असतो, ज्यात सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटलं, की घरच्या परसात स्वतःच्या औषधापुरतं लावलेलं झाडही केंद्र सरकार उपटू शकतं.

आणि पुरावा? डोनाल्ड अब्राम्स नावाचे कर्करोगतज्ज्ञ त्याच सॅन फ्रान्सिस्कोत, एड्सच्या रोग्यांना गांजाचा उपयोग होतो का हे तपासायला निघाले होते. वर्षानुवर्षं नकार. शेवटी त्यांनी अर्ज फिरवला. फायदा होतो का, हे विचारलंच नाही. गांजामुळे एड्सच्या औषधांना अपाय होतो का, असं विचारलं. लगेच, १९९७ मध्ये, ९,७८,००० डॉलर मंजूर! पुढे २००७ मध्ये त्यांनी नसांच्या दुखण्यावरचा प्रयोग छापला. एचआयव्हीचे पन्नास रोगी. गांजा घेणाऱ्यांचं दुखणं ३४ टक्क्यांनी कमी, खोट्या सिगारेटवाल्यांचं १७ टक्क्यांनी. प्रयोग लहान आहे, पण आहे. रँडॉलच्या निकालानंतर एकतीस वर्षांनी.

इथे तुमच्यातले काही खूश होऊन बघताहेत, म्हणून थोडं पाणी ओततो. आज माझ्याकडे काचबिंदूचा पेशंट आला तर मी त्याला गांजा सांगणार नाही. दाब उतरतो, पण तीन-चार तासच. म्हणजे रात्रीसुद्धा उठून ओढत बसावं लागेल. शिवाय रक्तदाब उतरला तर त्या बिचाऱ्या नसेचं रक्तच कमी पडायची भीती. १९७८ मध्ये टिमोलॉलचे थेंब आले, पुढे आणखी चांगले आले. ज्या रोगावर पहिला विजय मिळाला, त्याच रोगावर आज डोळ्यांचे डॉक्टर सहसा हे औषध सुचवत नाहीत. उलट लहान मुलांच्या काही दुर्धर फिट्सवर गांजातल्या एका घटकाचं औषध २०१८ मध्ये अमेरिकेत रीतसर मंजूर झालं, ते नशा न आणणाऱ्या घटकाचं. आणि हल्ली मोबाइलवर मधुमेहापासून टकलापर्यंत सगळ्यावर विजया तेल, म्हणजे भांगेच्या झाडाचं तेल, विकणारे जे आहेत, त्यांच्यापासून चार हात लांब राहा.

आपल्याकडचं थोडक्यात सांगतो. पाश्चात्त्य वैद्यकाला या झाडाची ओळख करून दिली ती कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी यांनी, १८३९ मध्ये. त्यांनी आधी इथल्या वैद्य-हकिमांना विचारलं, मग जनावरांना देऊन पाहिलं, मग धनुर्वाताच्या आणि संधिवाताच्या रोग्यांना. हिंदुस्थानात तारायंत्र आणलं तेही याच गृहस्थांनी! पुढे १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं आयोग नेमला, ११९३ साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यातलं गांजाचं पीक तेव्हा आपल्या नगरकडे व्हायचं, तेही त्यात येतं. आयोग म्हणाला, माफक सेवनानं फारसं बिघडत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा. आज आपल्याकडे अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा आहे. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून शिवरात्रीची भांग सुटते. औषधासाठी आणि संशोधनासाठी वाट त्याच कायद्यात ठेवलेली आहे. २ डिसेंबर २०२० ला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ असा निसटता मंजूर झाला, तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं.

रँडॉल २००१ मध्ये गेला, त्रेपन्नाव्या वर्षी. तोवर त्याला दिसत होतं. गांजामुळेच का, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि मी सांगणार नाही.

एक राहिलं. माझी प्रॅक्टिस नवी होती तेव्हाची गोष्ट. एक आजोबा यायचे, मठात राहणारे, दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. थेंबांना पैसे नसायचे. एकदा म्हणाले, "डाक्तर, चिलीम वढली की दिव्याचं खळं जातंय बघा." मी रागावलो. बरंच बोललो, बाहेरच्या पेशंटांना ऐकू जाईल इतकं. रँडॉलचं नावही तेव्हा मला माहीत नव्हतं. दाब मोजायचं यंत्र टेबलावरच होतं, हाताच्या अंतरावर. चिलमीआधी एकदा आणि नंतर एकदा मोजायचा, दहा मिनिटांचं काम. पुढच्या खेपेला आजोबा आले, थेंब घेऊन गेले. चिलमीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.